वसंताच्या तोंडावर भाजीची रोपं: बी भिजवण्यापासून रोप मातीत जाईपर्यंत
(बागकाम करणाऱ्यांची चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

वाफसा
थंडी ओसरायला लागली की बियांची पाकिटं बाहेर निघतात आणि सगळं एकाच दिवशी पेरलं जातं. घोळ तिथूनच सुरू होतो. मिरचीला दोन महिने लागतात, काकडीला तीन आठवडे. एका दिवशी पेरलं तर मिरची अजून चार पानांवर असते आणि काकडीचे वेल ट्रेमधून बाहेर लोंबत एकमेकांच्या गळ्यात पडलेले असतात.

म्हणून उलटं मोजायचं. रोप बाहेर लावायचा दिवस आधी ठरवा. जिथे दव गोठतं तिथे शेवटचं दव गोठण्याची सरासरी तारीख हा खुंटा. जिथे गोठत नाही तिथे रात्रीचं तापमान सलग आठवडाभर १२-१३ अंशांच्या वर टिकायला लागलं की तो खुंटा. त्याआधी मिरची आणि कांदा ८ ते १० आठवडे, वांगी ८, टोमॅटो ६ ते ७. काकडी, दोडका, भोपळा ३, फार तर ४. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली ४ ते ६ आठवड्यांत तयार होतात, पण त्यांचा खुंटा वेगळा: त्यांना गारवा चालतो, त्यामुळे ती टोमॅटोच्या तीन-चार आठवडे आधीच बाहेर जातात.

गाजर, मुळा यांची रोपं करूच नका. सोटमूळ उपटताना दुखावलं की गाजराला दोन-तीन तंगड्या फुटतात. ते जागेवरच टोकायचं.

आणि शंका असेल तर उशिरा पेरा. सहा आठवड्यांचं बुटकं, जाड खोडाचं टोमॅटोचं रोप दहा आठवड्यांच्या, कपात मुळांचं भेंडोळं झालेल्या रोपाला मातीत गेल्यावर गाठतं आणि मागे टाकतं.

बुडखा
वरच्यात एक भर. पाकिटावर "उगवण ७ ते १० दिवस" लिहिलेलं असतं, पण ते कुठल्या तापमानाला ते कोणी वाचत नाही. टोमॅटोचं बी २५ अंशांना ६ दिवसांत, २० ला ८, १५ ला १४ आणि १० ला सुमारे ४३ दिवसांत वर येतं. मिरची २५ ते ३० ला ८ दिवस, २० ला १३, १५ ला २५. भेंडी ३० अंशांना आठवडाभरात येते, २० ला अडीच आठवडे घेते. कोबी मात्र १५ अंशांनाही नऊ दिवसांत निमूट उगवतो.

हे तापमान मिश्रणाचं, खोलीच्या हवेचं नाही. ओल्या मिश्रणातून पाणी उडत असतं, त्यामुळे ट्रे खोलीपेक्षा दोन-तीन अंशांनी थंडच असतो. खोली २० वर असेल तर मिरची १७-१८ वर बसलेली असते. मग "बी खराब निघालं" म्हणून बियाण्याला शिव्या. मिश्रणात खुपसायचा साधा थर्मामीटर हे या सगळ्यातलं सगळ्यात उपयोगी हत्यार आहे. हीटिंग मॅट (ट्रेखाली ठेवायची विजेची गरम चटई) असेल तर तिच्यावर थर्मोस्टॅट हवाच आणि त्याचा सेन्सर ट्रेच्या मिश्रणात, मॅटवर नाही.

निम्मी बियं वर आली की ट्रे मॅटवरून काढा. तिथे राहिला की रोपं शिडशिडीत वाढतात. उगवणीनंतर दिवसा १८ ते २१ आणि रात्री १५-१६ पुरे.

कोवळीपानं
लेट्यूसचं उलटं होतं. मॅटवर ठेवलं की एकही येत नाही. मिरचीच्या शेजारी ठेवायचं नाही का?

बुडखा
नाही ठेवायचं. २७-२८ अंशांच्या वर लेट्यूसच्या पुष्कळ जातींचं बी झोपी जातं, मरत नाही. नंतर थंडाव्यात नेलं तरी लगेच उठेलच असं नाही. २० अंशांना ३ दिवसांत, १० ला आठवड्यात येतं. शिवाय त्याला उजेड लागतो: मिश्रणावर बी टाकून बोटाने नुसतं दाबा, वर फार तर चिमूटभर वर्मिक्युलाइट (हलकं, ओल धरणारं खनिज). सेलरीचंही तेच.

झारी
मिश्रणाबद्दल. बागेतली माती ट्रेमध्ये भरू नका, कितीही काळीभोर आणि सुपीक असली तरी. जमिनीत पाणी खाली ओढायला हातभर खोल मातीचा खांब असतो. ट्रेच्या खणात तो चार सेंटिमीटर. त्यामुळे खणाच्या तळाशी पाणी अडकून राहतं, बारीक मातीत तर वरपर्यंत. मुळाला हवा मिळत नाही. वर मर रोगाची बुरशी फुकट.

चालणारं मिश्रण: कोकोपीट ३ भाग, पर्लाइट (हलके पांढरे खनिजाचे दाणे) १ भाग, चाळलेलं मुरलेलं गांडूळखत १ भाग. सगळं मापाने, वजनाने नाही. गांडूळखत चतुर्थांशाच्या पुढे नेऊ नका. त्यात क्षार असतात आणि जास्त झालं की मिश्रण चिकट होतं. कोकोपीटच्या ६५० ग्रॅमच्या विटेला तीन-साडेतीन लिटर कोमट पाणी घाला, अर्ध्या तासात ती आठेक लिटर होते.

ओलावा आधी जुळवायचा, मग ट्रे भरायचा. मूठभर घेऊन घट्ट दाबा: बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकावा, टोचला की फुटावा. धार लागली तर जास्त. भुगा झाला तर कमी. कोरडं कोकोपीट ट्रेत भरून वरून पाणी घातलं तर ते वर तरंगतं, पाणी कडेने निघून जातं आणि मध्ये कोरडी ठिकरी राहते. बी नेमकं त्याच ठिकरीत असतं.

ईसीमीटर
> सगळं मापाने

मिश्रण बरोबर, पण कोकोपीट धुण्याचं राहिलं. स्वस्त कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशियम भरपूर असतं. रोपांच्या पानांच्या कडा करपतात आणि लोक बुरशीनाशक मारत बसतात.

झारी
दोन-तीन पाण्यांतून काढलं की झालं ना? निथळलेलं पाणी चहासारखं न दिसता फिकट पिवळं आलं की पुरे.

ईसीमीटर
रंगाचा क्षारांशी संबंध नाही, रंग टॅनिनचा. पाण्याने जातात ते मोकळे क्षार. कोकोपीटच्या धाग्यांना धरून बसलेलं सोडियम-पोटॅशियम साध्या पाण्याने सुटत नाही, त्याच्या जागी कॅल्शियम बसवावं लागतं. नाहीतर पुढे तुम्ही खतातून दिलेलं कॅल्शियम कोकोपीटच गिळतं आणि रोप उपाशी. ५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट प्रति लिटर, या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी निथळा, मग साध्या पाण्यातून दोनदा काढा. शेवटच्या पाण्याचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, एमएस/सेंमी मध्ये) मूळ पाण्यापेक्षा फार तर ०.३-०.४ ने जास्त असावा. पाकिटावर "बफर्ड" (म्हणजे कॅल्शियम आधीच बसवलेलं) लिहिलं असेल तर यातलं काही करायला नको, एकदा ईसी बघा आणि भरा.

झारी
मान्य. पण मिश्रणात पाचवा भाग गांडूळखत असेल तर त्यातूनही थोडं कॅल्शियम मिळतं. पंधरा-वीस रोपांसाठी मीटर घ्यायलाच हवा असं नाही.

ईसीमीटर
पंधरा रोपांना तीन पाणी चालतील. शंभराच्या पुढे नाही.

टोकण
आता पेरणी. ट्रे भरताना मिश्रण दाबून ठासू नका. काठोकाठ भरायचं, ट्रे एकदा ओट्यावर आपटायचा, खाली बसलं की पुन्हा भरायचं. भरलेले ट्रे एकावर एक रचू नयेत, खालच्या ट्रेचं मिश्रण दबतं आणि त्याच ट्रेची उगवण विरळ होते.

खोली बियाच्या जाडीच्या दोन ते तीन पट. टोमॅटो, मिरची, वांगी ५-६ मिलिमीटर, कोबीवर्ग तेवढंच, काकडी-भोपळा दीड ते दोन सेंटिमीटर. भोपळ्याचं चपटं बी कडेवर उभं टाका, आडवं टाकलं की त्यावर पाणी साचून कुजायची शक्यता वाढते. पेन्सिलीच्या बोथट टोकावर ६ मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळली की सगळी भोकं एकसारखी होतात. दिसायला क्षुल्लक, पण एकाच दिवशी उगवलेला ट्रे सांभाळायला निम्मा सोपा.

जुनं बी असेल तर आधी परीक्षा घ्या. दहा दाणे ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून, पिशवीत घालून उबदार जागी. दहापैकी आठ आले तर खणात एकेक टाका, पाच-सहा आले तर दोन-दोन, तीनच आले तर नवीन आणा. कांद्याचं बी दुसऱ्या वर्षीच ढेपाळतं, मिरची दोन-तीन वर्षं, टोमॅटो आणि काकडी चार-पाच वर्षं टिकतात, कोरड्या थंड जागी ठेवली तर.

खणात दोन उगवली तर नको ते कात्रीने बुडाशी कापा. उपटू नका, मुळं एकमेकांत असतात.

हिरवीमाडी
टोपी घातलेलं रोप, म्हणजे बीजदलांवर (बियातून निघणाऱ्या पहिल्या पानांवर) बियाचं टरफल अडकून राहिलेलं. मिरचीत आणि भोपळ्यात फार होतं. नखाने काढलं की बीजदलं तुटतात.

टोकण
बी वर पेरलं गेलंय. वर पुरेसं मिश्रण नसलं की कोंब बाहेर येताना टरफल घासून निघत नाही. दुसरं कारण झाकण लवकर काढणं, टरफल सुकून टणक होतं. कापसाच्या बोळ्याने टरफलावर पाण्याचा थेंब ठेवा, वर तासभर उलटा पेला. मऊ झालं की ओल्या बोटांच्या चिमटीत धरून बाजूला सरकवा, वर ओढू नका. दोन दिवस थांबलात तर निम्मी स्वतःच काढतात. आतलं पान पांढरं पडून चिकटलं असेल तर ते रोप सोडून द्या.

उजेडपंथी
घरातल्या रोपांचं सगळ्यात मोठं दुखणं उजेड, आणि त्यावर उपाय म्हणून लोक खत घालतात! लांबुडकं, फिकट, खिडकीकडे मान वळवलेलं रोप भुकेलं नसतं, अंधारात असतं.

खिडकीजवळ आपल्या डोळ्यांना लख्ख वाटतं, कारण डोळा जुळवून घेतो. काचेपासून एक मीटर आत सरकलात की उजेड कितीतरी पटींनी कमी होतो. शिवाय रोपाला आकाशाचा एकच तुकडा दिसतो.

सोपं उत्तर: पांढरे एलईडी बॅटन (नळीसारखे सरळ दिवे), ६५०० केल्विन म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाचे, दोन फुटी ट्रेवर दोन किंवा तीन शेजारीशेजारी, पानांपासून १०-१५ सेंटिमीटर वर, दिवसाला १४ ते १६ तास, टायमरवर. जांभळे "ग्रो लाइट" घ्यायची गरज नाही. त्या उजेडात पानाचा खरा रंगच दिसत नाही, पिवळं पडलेलं रोप चार दिवस उशिरा कळतं.

आकड्यात हवं असेल त्यांना: पानांच्या उंचीवर सुमारे २०० पीपीएफडी (रोपाच्या कामाच्या उजेडाचं माप: दर चौरस मीटरला सेकंदाला इतके मायक्रोमोल), १६ तास. गुणाकार २०० × १६ × ०.००३६ म्हणजे दिवसाला साडेअकरा मोल, रोपांना हे चांगलं पुरतं. पांढऱ्या एलईडीखाली लक्सला ७० ने भागलं की पीपीएफडीचा ढोबळ अंदाज येतो, म्हणजे १४ हजार लक्सच्या आसपास. फोनमधलं अॅप तेवढ्यापुरतं चालतं.

चोवीस तास दिवा ठेवू नका. टोमॅटोला अखंड उजेड सोसत नाही, पानं पिवळी ठिपकेदार होतात.

आणि दिवा कोंब दिसायच्या दिवशी लावायचा, "थोडे मोठे झाले की" नाही. अंधारात एका रात्रीत वाढलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही.

हिरवीमाडी
छोटा पंखा राहिला. पानं जेमतेम हलतील इतकाच वारा, दिवसात काही तास. तो नसेल तर दिवसातून एक-दोनदा टोमॅटोच्या शेंड्यांवरून तळहात दहा-बारा वेळा हलकेच फिरवायचा. हललेलं खोड आखूड आणि जाड होतं. पानं ओली असताना मात्र नाही, रोग एका रोपावरून दुसऱ्यावर जातो.

मरतुकडा
काल ताठ असलेली रोपं आज बुडाशी दोऱ्यासारखी होऊन आडवी. अख्ख्या कोपऱ्यात गोल पसरत चाललंय. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला अडवणारी उपकारक बुरशी) ओतला, उपयोग शून्य.

वाफसा
आडवी झालेली परत येत नाहीत, ट्रायकोडर्माने नाही आणि रसायनानेही नाही. हा मर रोग: पिथियम, रायझोक्टोनिया, कधी फ्युजेरियम. ट्रायकोडर्मा पहारेकरी आहे, वैद्य नाही. तो पेरणीच्या वेळी लागतो, बियाला चोळून ५ ते १० ग्रॅम प्रति किलो. घरच्या चिमूटभर बियाला पाकिटात टाकून हलवलं की पुरे, किंवा ट्रे भरण्याआधी मिश्रणात मिसळायचा.

आता काय करायचं: पडलेली रोपं आणि त्यांच्या भोवतीचे दोन ओळी खण मिश्रणासकट काढून टाका, कंपोस्टमध्ये नाही. झाकण काढा, पंखा लावा, पृष्ठभाग सुकेपर्यंत पाणी तोडा. उरलेली वाचली तर वाचली.

पुढच्या खेपेला कारणं तोडा. ती नेहमीची चारच: झाकण उगवणीनंतरही ठेवलेलं, सतत ओला पृष्ठभाग, थंड बूड आणि न धुतलेले जुने ट्रे. ट्रे आधी साबणाने घासा, कारण मातीच्या थराखाली औषध पोचत नाही. मग घरगुती ब्लीच १ भाग आणि पाणी ९ भाग यात १० मिनिटं बुडवा, धुवा, वाळवा. ब्लीच दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका.

झारी
पाणी खालून द्या. ट्रे उथळ परातीत दोन सेंटिमीटर पाण्यात २०-२५ मिनिटं, वरचा थर गडद झाला की उचला. परातीत तासन्‌तास उभा ठेवला तर खालून देण्याचा सगळा फायदा गेला. बोट खुपसून नाही, ट्रे उचलून ओळखा: नुकता भिजलेला आणि पाण्याला आलेला ट्रे वजनात सरळ कळतात. सकाळी द्या, म्हणजे रात्रीपर्यंत वरचा थर कोरडा पडतो.

खालून देताना दर आठ-दहा दिवसांनी एकदा वरूनही भरपूर द्या. नाहीतर क्षार वर येऊन पांढरी पापडी धरते.

कोवळीपानं
मिश्रणावर बारीक काळ्या माश्या उडतायत. फळमाशी नाही, त्याहून बारीक. त्रासदायक की नुसत्याच घाण?

मरतुकडा
त्या बुरशीमाश्या. उडणाऱ्या नाही, मिश्रणातल्या अळ्या त्रास देतात. काळ्या डोक्याच्या, काचेसारख्या, कोवळी मुळं कुरतडतात आणि जखमेतून मर शिरते. कच्च्या बटाट्याची चकती मिश्रणावर ठेवा, दोन दिवसांनी उलटून बघा, अळ्या असतील तर खालून चिकटलेल्या दिसतात. पिवळ्या चिकट पट्ट्या मोजायला आणि माद्या कमी करायला. खरा इलाज वरचा एक-दीड सेंटिमीटर थर प्रत्येक पाण्याआधी सुकू देणं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस (अळ्या मारणारा जिवाणू) पाण्यातून, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा. अळ्यांवर हीच उपजात चालते. पानं खाणाऱ्या सुरवंटांसाठीची कुर्स्टाकी इथे कामाची नाही.

ईसीमीटर
खत कधी? पहिलं खरं पान दिसलं की. त्याआधी बीजदलांचा शिधा पुरतो.

१९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) अर्धा ग्रॅम प्रति लिटर, म्हणजे सुमारे ९५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) नत्र. आठवड्यातून दोनदा पाण्याच्या जागी. एक दिवस त्याऐवजी कॅल्शियम नायट्रेट अर्धा ग्रॅम. दोन्ही एकाच बाटलीत दाट करून ठेवू नका, कॅल्शियम आणि स्फुरद जमून पांढरा गाळ बसतो. चमचे-चिमटीने मोजू नका, दशांश ग्रॅम दाखवणारा लहान काटा घ्या. किंवा १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून त्यातलं ५० मिली घेऊन लिटर करा, तेच झालं.

पानांची खालची बाजू जांभळी पडली की लगेच स्फुरद ओतू नका. आधी मिश्रणाचं तापमान बघा. १२-१३ अंशांवर टोमॅटोच्या मुळाला असलेलं स्फुरदही उचलता येत नाही. बूड गरम केलं की चार-पाच दिवसांत नवी पानं हिरवी येतात. जुनी जांभळीच राहतात, त्यांच्याकडे बघू नका.

टोकण
कपात हलवणं. मुहूर्त: पहिली दोन खरी पानं पूर्ण उघडली की. त्याआधी फार नाजूक, तिसऱ्या-चौथ्या पानापर्यंत थांबलात तर लहान खणातली मुळं गुंततात.

हलवण्याच्या तासभर आधी ट्रेला पाणी. ८-१० सेंटिमीटरचा कप ओलसर मिश्रणाने भरून मध्ये पेन्सिलीने भोक. रोपाच्या खाली लाकडी पट्टी किंवा चमच्याचा दांडा घालून मुळाचा गोळा खालून उचला आणि धरायचं ते बीजदलाला. खोडाला कधीच नाही. बीजदल फाटलं तर रोप दुसऱ्यावर चालतं, खोड चिमटलं तर आतल्या नळ्या चिरडतात आणि दोन दिवसांनी रोप मान टाकतं. मूळ भोकात सोडताना टोक वर वळलं तर लांब मूळ सरळ थोडं कापा. "जे"च्या आकारात बसलेलं मूळ पुढे तसंच जाड होतं.

हिरवीमाडी
बीजदलापर्यंत पुरायचं ना? सगळी?

टोकण
टोमॅटो बिनधास्त, बीजदलांच्या अगदी खालपर्यंत. पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात, लांबुडकं झालेलं रोपही सावरतं. कलमी टोमॅटो असेल तर मात्र सांधा मातीच्या वर, नाहीतर वरच्या जातीला मुळं फुटून कलमाचा उपयोगच संपतो. कोबी-फ्लॉवर बीजदलापर्यंत चालतो. मिरची-वांगी फार तर सेंटिमीटरभर, त्यांचं खोड टोमॅटोसारखं सहज मुळं धरत नाही. लेट्यूसचा गाभा मातीखाली गेला की कुजला. काकडी-भोपळा हलवूच नका, पहिल्यापासून त्याच कपात पेरा.

कोवळीपानं
+१. कांद्याला कप नकोत, एका डब्यात दाट पेरून तिथेच वाढवता येतो. पात १२-१५ सेंटिमीटर झाली आणि लोळायला लागली की कात्रीने ८-१० वर आणा.

सावलीजाळी
इथवर सगळं नीट केलेली रोपं शेवटच्या आठवड्यात मरतात. घरातलं पान पातळ असतं, त्यावर मेणाचा थर जेमतेम. थेट उन्हात ठेवलं की दोन तासांत पांढरे, कागदासारखे चट्टे. तो रोग नाही, भाजलंय.

सात ते दहा दिवस धरा. पहिल्या दोन दिवशी सावलीत, वाऱ्याच्या आड, दीड-दोन तास. मग सकाळचं कोवळं ऊन तासभर, रोज तासा-दीड तासाने वाढवत. सहाव्या-सातव्या दिवशी दुपारचं ऊन. शेवटचे दोन दिवस रात्रीही बाहेर, टोमॅटोला रात्र १० अंशांच्या वर आणि मिरची-वांग्याला १३-१४ च्या वर असेल तरच. पाणी थोडं ताणायचं, म्हणजे पान किंचित सैल दिसेपर्यंत थांबायचं, कोमेजेपर्यंत नाही. या आठवड्यात नत्र बंद.

उन्हापेक्षा वाऱ्याने जास्त रोपं जातात. कप लहान, पानं मोठी, वारा सुटला की दुपारपर्यंत कप ठणठणीत कोरडा. पहिल्या तीन दिवसांत दुपारी एकदा बघाच. वेलवर्गाला चार-पाच दिवस पुरतात, त्यांना फार ताणू नका.

उजेडपंथी
ढगाळ आठवडा असेल तर ते दिवस मोजू नका. ढगांखाली सात दिवस काढलेलं रोप आठव्या दिवशी कडक उन्हात तसंच भाजतं.

वाफसा
रोपण. आधी मातीत थर्मामीटर, १० सेंटिमीटर खोल, सकाळी. टोमॅटोला १५, मिरची, वांगी, काकडीला १८ अंश. थंड मातीत लावलेली मिरची मरत नाही, नुसती बसून राहते. दोन आठवडे उशिरा लावलेली तिच्या पुढे जाते. आच्छादनाचीही घाई नको, पेंढ्याखाली माती थंडच राहते. माती तापू द्या, मग घाला.

माती वाफशावर हवी. मुठीत दाबून सोडली की गोळा पडून फुटावा. चिखलात हात घातलात तर खड्ड्याच्या भिंती लिंपल्या जातात आणि मुळं आतल्या आत गोल फिरतात.

संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी. दीड-दोन तास आधी कपांना पाणी, म्हणजे गोळा अखंड निघतो. खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, मग रोप. पाणी मुळाच्या खाली असलं की मूळ खाली जातं. कप उलटा करून बुडावर टिचकी मारा, खोड बोटांच्या बेचक्यात, ओढायचं नाही. मुळं पांढरी हवीत. तळाशी गोल फिरली असतील तर बोटांनी तेवढी मोकळी करा. तपकिरी आणि वासाची असतील तर ते रोप लावू नका.

अंतर: टोमॅटो आधाराला बांधणार असाल तर ४५ ते ६०, मिरची ४५, वांगी ६०, कोबी-फ्लॉवर ४५, लेट्यूस २५ ते ३०, कांदा १० सेंटिमीटर. टोमॅटोची काठी त्याच वेळी रोवा. महिन्याने रोवलीत तर मुळांतून आरपार जाते.

झारी
कागदी किंवा पीटचे कप कपासकट लावणाऱ्यांसाठी: वरची कड फाडून टाका किंवा पूर्ण मातीखाली घ्या. कड बाहेर राहिली तर ती वातीसारखी गोळ्यातलं पाणी वर ओढून हवेत उडवते. भोवतालची माती ओली आणि गोळा कोरडा, रोप वाळतं आणि कारण सापडत नाही. लावण्याआधी कप पाण्यात बुडवून भिजवा, बूड फाडा.

पहिले आठ-दहा दिवस पाणी बुडाशीच. कोकोपीटचा गोळा आजूबाजूच्या मातीपेक्षा खूप लवकर सुकतो. वरची माती ओली दिसली म्हणून फसू नका, गोळ्यातच बोट घाला.

मरतुकडा
सकाळी रोप मातीलगत कात्रीने कापल्यासारखं पडलेलं दिसलं तर मर नाही, कटवर्म. जवळची माती दोन-तीन सेंटिमीटर उकरा, इंग्रजी "सी"सारखी गुंडाळलेली राखाडी अळी सापडते. पुठ्ठ्याची ७-८ सेंटिमीटर उंच कडी करून रोपाभोवती, त्यातली २-३ सेंटिमीटर मातीत. लावतानाच घाला.

हिरवीमाडी
कपात असतानाच मिरचीला कळ्या आल्यात. ठेवायच्या?

सावलीजाळी
खुडा. लावल्यावरही पहिले दोन-तीन आठवडे येतील त्या खुडा, आधी मुळं आणि फांद्या होऊ देत. टोमॅटोत एवढं कडक नको, लावताना उघडलेली फुलं आणि धरलेलं फळ असेल तर तेवढं काढा.

कोवळीपानं
आणि फ्लॉवरचा गड्डा लिंबाएवढा असतानाच का फुलतो?

वाफसा
रोप ट्रेत जास्त दिवस अडकलं, किंवा लावल्यावर थंडीने नाहीतर उपासमारीने खुंटलं. पानं वाढायच्या आत गड्डा धरला की तो तेवढाच राहतो. पुढे खत घालून मोठा होत नाही. फ्लॉवरचं रोप पाच-सहा आठवड्यांच्या पुढे ट्रेत ठेवू नका. कोबीचं दुसरं: खोड पेन्सिलीएवढं जाड झालेलं रोप दोन-तीन आठवडे १० अंशांच्या खाली राहिलं की गड्डा न धरता फुलोऱ्यावर जाऊ शकतं. लहान रोपाला तीच थंडी बाधत नाही.

टोकण
दहातलं एक रोप जास्तीचं करून कपातच ठेवा, बाहेर, लावलेल्यांच्या शेजारी, म्हणजे तेही तितकंच सरावलेलं राहतं. नांगे (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायचे ते आठ-दहा दिवसांच्या आत. त्यानंतर भरलेलं टोमॅटोचं रोप शेजारच्यांच्या सावलीत जातं आणि मागेच राहतं.